सेवानिवृत्तीनंतरची सेवा आणि तिचा हिशेब

शाल, श्रीफळ आणि चार गौरवपर भाषणे झाली की निरोप समारंभ आटोपतो. ‘आता विश्रांती घ्या’ असे सारेच सांगतात आणि पहिले काही महिने ती विश्रांती गोडही वाटते. घराची राहून गेलेली डागडुजी होते, नातवंडांना शाळेत पोहोचवणे होते, एखादी यात्रा होते. त्यानंतर मात्र सकाळचे वर्तमानपत्र वाचून संपल्यावर उरलेल्या दिवसाचे करायचे काय, हा प्रश्न अनेक घरांत मुकाट्याने वावरू लागतो. बँकेत, शाळेत, रेल्वेत किंवा रुग्णालयात तीस-पस्तीस वर्षे काम केलेली व्यक्ती ५८ व्या वा ६० व्या वर्षी घरी येते, तेव्हा तिचे कसब शाबूत असते, ओळखीपाळखी असतात, शब्दाला वजन असते. या साऱ्याचा उपयोग आता कोणी मागत नाही, हे तिचे खरे दुःख असते.

अशा व्यक्तींपैकी काहींनी निवृत्तीनंतर सामाजिक उद्योजकतेची वाट धरली. हा शब्द हल्ली वारंवार कानी येतो, परंतु त्याचा अर्थ पुष्कळदा ‘समाजकार्य’ एवढाच घेतला जातो. या दोहोंत फरक आहे आणि तो समजून घेतल्याखेरीज या वाटेला जाऊ नये, असे आमचे मत आहे.

दान, व्यापार आणि मधली वाट

दानधर्मात दिलेला पैसा खर्च झाला की संपतो. पुढच्या वर्षी पुन्हा कोणापुढे तरी हात पसरावा लागतो. व्यापारात पैसा फिरतो आणि वाढतो, परंतु नफा मालकाच्या घरी जातो आणि ज्याच्यापाशी द्यायला काही नाही तो गिऱ्हाईक ठरतच नाही. सामाजिक उद्योजक व्यापाराची शिस्त उचलतो. तो सेवेची किंमत ठरवतो, खर्च पैपैने मोजतो, वर्षअखेरीस शिल्लक राहील असे पाहतो. ती शिल्लक मात्र पुन्हा त्याच कामात घालतो आणि ते काम समाजाच्या एखाद्या जुन्या दुखण्यावरचे असते.

अमेरिकेतील बिल ड्रेटन यांनी १९८० च्या सुमारास ‘अशोका’ ही संस्था स्थापून अशा व्यक्ती हुडकण्याचे व त्यांना पाठबळ देण्याचे काम सुरू केले. संस्थेचे नाव आपल्या सम्राट अशोकावरून घेतलेले आहे. बांगलादेशातील मुहम्मद युनूस आणि त्यांची ग्रामीण बँक यांना २००६ साली नोबेल शांतता पारितोषिक मिळाले, तेव्हा ही कल्पना सामान्य वाचकांपर्यंत पोहोचली. त्याच वर्षी अमेरिकेत मार्क फ्रीडमन यांच्या संस्थेने साठी ओलांडलेल्या सामाजिक उद्योजकांना ‘पर्पज प्राइझ’ हा पुरस्कार देण्यास आरंभ केला. उत्तरायुष्यातील अशा कामाला ते ‘एन्कोर’ म्हणतात. मैफल संपल्यावर श्रोते ज्या शब्दाने गायकाला पुन्हा बोलावतात, तो हा शब्द. संगीत नाटकांवर वाढलेल्या आपल्या पिढीला ‘वन्स मोअर’ म्हटले की अधिक लवकर कळेल.

परंतु अमेरिकेत त्या पुरस्काराचा विचार होण्यापूर्वी तीस वर्षे, मदुराई शहरात एका निवृत्त सरकारी डॉक्टरांनी हे काम सुरूही केले होते.

मदुराईच्या अकरा खाटा

डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांचा जन्म १ ऑक्टोबर १९१८ रोजी तामिळनाडूतील वडमलापुरम या खेड्यात एका शेतकरी कुटुंबात झाला. १९४४ साली मद्रासच्या स्टॅन्ली वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन ते सैन्याच्या वैद्यकीय सेवेत गेले. प्रसूतितज्ज्ञ व्हावे ही त्यांची इच्छा होती. परंतु तीव्र संधिवाताने त्यांना अंथरुणाला खिळवले, १९४८ मध्ये सैन्य सोडावे लागले आणि हातांची बोटे कायमची वाकडी झाली. प्रसूतिशास्त्र सुटले. मग ते नेत्रचिकित्सेकडे वळले आणि त्या वाकड्या बोटांनी शस्त्र धरायला नव्याने शिकले. १९५६ पासून वीस वर्षे ते मदुराईच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात नेत्रविभागाचे प्रमुख होते. याच काळात त्यांनी खेडोपाडी नेत्रशिबिरे घेतली. १९७३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आयुष्यभरात त्यांनी स्वतःच्या हातांनी एक लाखाहून अधिक नेत्रशस्त्रक्रिया केल्या.

१९७६ साली, ५८ च्या वयोमर्यादेमुळे निवृत्त होताना त्यांना एक गोष्ट पुरती ठाऊक होती. मोतीबिंदूमुळे आलेले अंधत्व काही मिनिटांच्या शस्त्रक्रियेने दूर होते आणि तरीही खेड्यांतील असंख्य माणसे त्याच अंधत्वात मरतात. शेतमजुराचे डोळे गेले की त्याची मजुरी जाते, त्याला हाताला धरून नेणाऱ्या माणसाचीही जाते. कित्येकदा तो हात नातवाचा असतो आणि मग त्याची शाळा बुडते. सरकारी रुग्णालय कितीही झटले तरी हा डोंगर उपसणार नाही, हे वीस वर्षांच्या अनुभवाने त्यांना कळले होते.

त्यांनी भावंडांना एकत्र केले, एक न्यास स्थापला आणि भाड्याच्या घरात ११ खाटांचे नेत्र रुग्णालय उघडले. भगिनी डॉ. नाच्चियार आणि त्यांचे पती डॉ. नंपेरुमाळसामी हे दोघेही नेत्रतज्ज्ञ. तेही या कामात उतरले. पैशासाठी घर गहाण पडले, घरातले दागिनेही गहाण ठेवले गेले. डॉक्टर श्रीअरविंदांच्या विचारांचे साधक होते, त्यांच्या नावावरून रुग्णालयाचे नाव ‘अरविंद’ ठेवले. स्वतःची मोठी इमारत उभी राहू लागली तीही पैसा हाती येईल तसतशी, मजल्यावर मजला चढवत.

मोफत आणि तरीही तोट्यात नाही

पहिल्यापासून नियम असा होता की ज्यांना परवडते ते पैसे देतील आणि ज्यांना परवडत नाही त्यांच्यावर मोफत वा नाममात्र दरात उपचार होतील. असा नियम पुष्कळ धर्मादाय रुग्णालयांच्या पाटीवर असतो. अरविंदमध्ये तो हिशेबात उतरला, आणि तो कसा, हे पाहण्यासारखे आहे.

शस्त्रक्रियागृहात एका शल्यचिकित्सकापुढे दोन टेबले असतात. एका रुग्णावर शस्त्रक्रिया चालू असतानाच दुसऱ्या टेबलावर पुढच्याची तयारी होते. पहिली संपली की डॉक्टर वळतात आणि दुसरी सुरू करतात. तपासणी, थेंब घालणे, भूल देण्यास साहाय्य करणे, मलमपट्टी, रुग्णाला समजावून सांगणे ही सारी कामे खास प्रशिक्षित मुली करतात. शालेय शिक्षण संपवलेल्या खेड्यांतील मुलींना निवडून दोन वर्षे प्रशिक्षण दिले जाते आणि रुग्णालयाचा कणा त्याच आहेत. डॉक्टरांनी फक्त डॉक्टरांचेच काम करायचे, असा दंडक आहे. त्यामुळे तेथील एक शल्यचिकित्सक वर्षाला दोन हजारांच्या घरात शस्त्रक्रिया करू शकतो. जागा, उपकरणे व पगार यांचा खर्च जितक्या अधिक रुग्णांवर वाटला जाईल तितका प्रत्येक शस्त्रक्रियेचा खर्च उतरतो. म्हणून पैसे देणाऱ्या रुग्णाकडून बाजारापेक्षा कमी शुल्क घेऊनही मोफत रुग्णाचा भार निघतो. निम्म्याहून अधिक रुग्ण मोफत किंवा अगदी अल्प दरात उपचार घेतात.

कोणी पैसे द्यायचे हे रुग्णच ठरवतो. उत्पन्नाचा दाखला मागत नाहीत. पैसे देणाऱ्याला खोली व सोयी अधिक मिळतात. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर मात्र तेच असतात, कारण ते दोन्ही विभागांत आळीपाळीने काम करतात. आमच्या दृष्टीने या साऱ्या रचनेतील हा सर्वांत मोलाचा नियम आहे. गरिबांसाठी वेगळे डॉक्टर नेमले असते तर काही वर्षांत तेथे वेगळा दर्जाही येऊन बसला असता.

सुरुवातीच्या शिबिरांतून आणखी एक धडा मिळाला. शस्त्रक्रिया फुकट आहे म्हटल्यावरही गरजूंपैकी फारच थोडे लोक येत. चौकशी केली तेव्हा कारणे कळली. शहरापर्यंतचे भाडे, तेथील जेवण, सोबत येणाऱ्या नातेवाइकाची बुडालेली मजुरी आणि डोळ्याला शस्त्र लागण्याची भीती. मग संस्थेने रुग्णांना शिबिराच्या ठिकाणाहून बसने नेणे, जेवू घालणे आणि परत पोहोचवणे हेही आपल्याच खर्चात धरले. ‘फुकट’ या शब्दाचाही गरिबाला किती खर्च येतो, हे आपल्याकडील शिबिरांच्या आयोजकांनीही ध्यानात घ्यावे.

पुढची अडचण भिंगाची होती. मोतीबिंदू काढल्यावर डोळ्यात बसवायचे कृत्रिम भिंग तेव्हा परदेशातून येई आणि त्याची किंमत शंभर डॉलरच्या वर असे. भिंगाअभावी गरीब रुग्णाला जाड काचांच्या चष्म्यावर भागवावे लागे. तो फुटला की पुन्हा आंधळेपण. १९९२ साली संस्थेने ‘ऑरोलॅब’ हा स्वतःचा कारखाना काढला आणि भिंगाची किंमत दहा डॉलरच्या आसपास व पुढे त्याहूनही खाली आली. डॉ. वेंकटस्वामी त्या वेळी ७४ वर्षांचे होते. अमेरिकेतील मॅकडोनाल्डच्या उपाहारगृहांचे त्यांना मोठे कौतुक होते. सर्वत्र एकच पदार्थ, एकाच दर्जाचा आणि सामान्याला परवडेल अशा दरात देता येतो, तर दृष्टी का देता येऊ नये, असा त्यांचा सवाल असे. हार्वर्ड विद्यापीठाच्या व्यवस्थापन शाळेने १९९३ साली या रुग्णालयावर अभ्यासपाठ तयार केला.

निवृत्तिवेतन हेच भांडवल

डॉक्टरांनी रुग्णालयातून स्वतः वेतन घेतले नाही. ते आपल्या निवृत्तिवेतनावर राहिले. ही गोष्ट त्यागाचा नमुना म्हणून सांगितली जाते. ती तशी आहेच, पण आम्हांला तिच्यातला हिशेब अधिक महत्त्वाचा वाटतो. तिशीतल्या तरुणाने असे काम काढले तर पहिल्याच महिन्यापासून त्याच्या संसाराचा खर्च त्या कामावर पडतो आणि कोवळे रोप त्या भाराने मोडते. निवृत्त व्यक्तीचा संसार दुसऱ्या उत्पन्नावर चाललेला असतो.

एक काल्पनिक हिशेब मांडून पाहू. समजा, रुग्णालयातून निवृत्त झालेल्या एका परिचारिकेने घरोघरी वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्या बारा मुली तयार केल्या. प्रत्येकीचा मासिक पगार १६,००० रुपये आणि प्रशिक्षण, प्रवास व कचेरीचा खर्च प्रत्येकीमागे २,००० रुपये. म्हणजे एका घराच्या सेवेचा खर्च १८,००० आणि बारा घरांचा २,१६,००० रुपये. आठ घरे २२,००० रुपये देतात. त्यांचे १,७६,००० झाले. उरलेली चार घरे गरीब आहेत, ती १०,००० देतात, त्यांचे ४०,०००. बेरीज बरोबर २,१६,०००. आठ घरांकडून खर्चावर आलेल्या ३२,००० रुपयांतून चार घरांची सवलत भागली. या गणितात परिचारिकाबाईंचा स्वतःचा पगार शून्य धरला आहे. त्यांना महिना २४,००० रुपये घ्यावे लागले असते, तर सवलतीच्या चार घरांपैकी तिघांना नाही म्हणावे लागले असते. त्यांचे निवृत्तिवेतन त्या तीन म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा करीत आहे, असे म्हटले तरी चालेल.

याच गणितात धोकाही दिसतो. पूर्ण शुल्क देणारे एक घर सुटले आणि त्या मुलीचा पगार चालूच ठेवला, तर महिन्याला २२,००० रुपयांची तूट येते. अशी दोन-तीन महिन्यांची तूट सोसेल एवढी गंगाजळी आधी हवी. ती नसेल तर सवलतीची घरे चारऐवजी दोनच घेऊन आरंभ करावा. हे कठोर वाटेल, परंतु सहा महिन्यांत बंद पडलेल्या सेवेचा फटका सर्वांत आधी त्या चार घरांनाच बसतो.

घर गहाण टाकण्याच्या बाबतीत मात्र कोणी डॉ. वेंकटस्वामींचे अनुकरण करू नये. ते अविवाहित होते, भावंडे शिकलेली व पाठीशी उभी होती, आणि हातात असे कसब होते की ज्याला उद्या कोठेही मागणी आली असती. ज्यांच्या मुलीचे लग्न व्हायचे आहे, ज्यांच्या पत्नीला वा पतीला पुढची वीस वर्षे काढायची आहेत, त्यांनी भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी यांना हात लावू नये. घरातील माणसांशी आधी बोलावे. निवृत्त गृहस्थ एकदम ‘समाजासाठी’ बाहेर पडतात आणि इतकी वर्षे त्यांची वाट पाहिलेली गृहिणी पुन्हा एकटीच राहते, हेही आम्ही पाहतो.

दुसरी अडचण स्वभावाची. तीस वर्षे ‘साहेब’ किंवा ‘सर’ म्हणवून घेतलेल्याला चहा स्वतः आणावा लागतो, बँकेत रांगेत उभे राहावे लागते, आणि वीस-बावीस वर्षांची मुलगी संगणकावरील हिशेब समजावून सांगते तेव्हा ऐकून घ्यावे लागते. ज्यांना हे जमत नाही त्यांनी संस्थेच्या मानद अध्यक्षपदावर समाधान मानावे. तेवढ्यानेही संस्थेचे नुकसान टळेल.

आठवण ऐंशी रुपयांची

प्रत्येकाने नवी संस्थाच काढली पाहिजे असे नाही. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर सात गृहिणींनी पापड लाटायला घेतले. भांडवल उसने घेतलेले ८० रुपये. ते देणारे छगनलाल पारेख हे भारत सेवक समाजाचे ज्येष्ठ समाजसेवक होते. भगिनी त्यांना छगनबाप्पा म्हणत. त्यांनी पैसे दिले, त्याहून अधिक मोलाचा सल्ला दिला: देणग्या घ्यायच्या नाहीत, धंदा म्हणून चालवायचा, हिशेब चोख ठेवायचा. यातूनच श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड उभे राहिले. त्यात काम करणारी प्रत्येक भगिनी मालकीण असते आणि नफातोटा सर्वांचा असतो. संस्थापक भगिनींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. आपल्या गावोगावच्या बचत गटांना निवृत्त बँक अधिकाऱ्यांकडून नेमके असे मार्गदर्शन हवे आहे, आणि त्यासाठी नवी पाटी लावण्याची गरज नाही.

उलट अनुभवही सर्वांच्या परिचयाचा आहे. कोणा दात्याने शिलाई यंत्रे दिली, उद्घाटन झाले, छायाचित्रे आली, आणि दोन वर्षांनी ती यंत्रे सभागृहाच्या कोपऱ्यात चादरीखाली झाकलेली दिसतात. शिवलेले कपडे कोण विकत घेणार, कितीला घेणार, कापड कोठून येणार, हे कोणी विचारलेच नव्हते. निवृत्त कापड दुकानदाराला हे प्रश्न झोपेतही सुचले असते. त्याला कोणी बोलावले नाही.

कायदेशीर नोंदणीबद्दल थोडक्यात. देणग्यांवर मुख्यतः चालणाऱ्या कामाला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खाली न्यास नोंदवणे सोयीचे. काम करणाऱ्यांनाच मालक करायचे असेल तर सहकारी संस्था. सेवा वा वस्तू विकून चालणाऱ्या, पण नफा वाटून न घेणाऱ्या कामासाठी कंपनी कायदा २०१३ च्या कलम ८ खालील कंपनी हा प्रकार आहे. पूर्वीच्या १९५६ च्या कायद्यात यालाच कलम २५ ची कंपनी म्हणत. यांपैकी कोणताही प्रकार निवडला तरी दरवर्षीचा लेखापरीक्षणाचा खर्च पहिल्या अंदाजपत्रकातच धरावा. पहिले वर्ष नोंदणीशिवाय, चार घरांपुरते काम करून पाहण्यास काही हरकत नाही.

उत्तराधिकारी

उतारवयात काम काढणाऱ्यापाशी कसब असते, पत असते, धीर असतो, वेळ नसतो. डॉ. वेंकटस्वामींना निवृत्तीनंतर तीस वर्षे मिळाली, हे भाग्य क्वचितच कोणाला लाभते. इतरांनी धडधाकट अशी दहा-बारा वर्षे धरून चालावे. म्हणजे उत्तराधिकारी सातव्या-आठव्या वर्षी शोधून भागत नाही. तो पहिल्याच वर्षी बरोबर काम करीत असला पाहिजे, त्याला पोटापुरता पगार मिळाला पाहिजे आणि तो पगार हिशेबात बसला पाहिजे. वर मांडलेल्या परिचारिकाबाईंच्या गणितात ही रक्कम अजून आलेली नाही. ती घातली की शुल्क घेणारी घरे आठांवरून सोळा-सतरापर्यंत न्यावी लागतील, आणि पहिल्या तीन-चार वर्षांचे खरे उद्दिष्ट तेच असायला हवे.

मदुराईत धाकटी भावंडे, त्यांचे जोडीदार आणि पुढे भाचे-पुतणे टप्प्याटप्प्याने कामात आले. कुटुंबाबाहेरच्या शेकडो डॉक्टरांना व मुलींना तेथेच शिक्षण मिळाले, आणि इतर रुग्णालयांना ही पद्धत शिकवणारी वेगळी संस्थाही उभी राहिली. तेनी, तिरुनेलवेली, कोइमतूर, पुदुच्चेरी येथे रुग्णालये झाली. डॉक्टरांचे ७ जुलै २००६ रोजी वयाच्या ८७ व्या वर्षी निधन झाले. त्यानंतर काम थांबले नाही, वाढले. खेड्यांतून आता शंभराहून अधिक दृष्टिकेंद्रे आहेत. तेथे प्रशिक्षित मुलगी डोळे तपासते आणि मोठ्या रुग्णालयातील डॉक्टर दूरसंपर्काने सल्ला देतात. कॉनरॅड हिल्टन मानवतावादी पुरस्कार संस्थेला २०१० साली मिळाला, तेव्हा संस्थापक जाऊन चार वर्षे झाली होती.